आतलं समाधान: सुरुवात कुठून करायची

आनंद आपल्या आतच असतो, हे वाक्य प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. ऐकून मान डोलवावी असंच ते आहे, पण त्यावरून पुढे करायचं काय, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आत म्हणजे नेमकं कुठे? तिथे जायचं कसं? आणि मोठ्या आशेने आत डोकावलं अन् तिथे उद्याच्या कामाची काळजी, जुना अपमान आणि अर्धवट राहिलेली भांडणंच दिसली, तर? हा लेख त्या पुढच्या भागाबद्दल आहे. ज्यांनी ध्यान, रोजनिशी वगैरे आजवर काहीच केलेलं नाही आणि ज्यांना या सगळ्याबद्दल जरा शंकाच आहे, अशांसाठी तो लिहिला आहे. शंका असू द्या, ती उपयोगी पडते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आनंदाच्या थेट मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असं दिसलं, की आनंदी असण्याला जी माणसं फार महत्त्व देतात ती, आयुष्यात विशेष ताण नसतानाही, इतरांपेक्षा कमी आनंदी असतात. याचं कारण समजायला अवघड नाही. ‘मी आत्ता खूश आहे का?’ असं सतत विचारत राहिलं, की उत्तर बहुतेक वेळा ‘हवं तितकं नाही’ असंच येतं, आणि मग मूळच्या नाराजीवर ‘आपण खूश नाही’ या नाराजीचा आणखी एक थर चढतो. त्यामुळे पुढे आनंद मिळवण्याच्या युक्त्या सापडणार नाहीत. आपलं लक्ष कुठे राहतं, आपण स्वतःशी कसं बोलतो आणि दिवसाचे तास कशात जातात, या तीन गोष्टींवर काम करायचं आहे. त्या बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात.

पहिली पायरी: दुखतंय ते आत की बाहेर?

एक कोरा कागद घ्या आणि सध्या ज्या ज्या गोष्टी मनाला खातायत त्या सगळ्या लिहून काढा. क्रम लावू नका, भाषा नीटनेटकी करत बसू नका. लिहून झालं की प्रत्येकीसमोर खूण करा. ही परिस्थिती बदलता येण्यासारखी आहे, बदलता न येण्यासारखी आहे, की परिस्थिती तशी ठीक असूनही माझं मनच तिच्याभोवती घुटमळतंय?

हा कागद टाळू नका. इथे गल्लत झाली तर पुढचं सगळं औषध भलत्याच जागी लागतं. कर्ज वाढत चाललंय, घरात मारहाण होतेय, कामाच्या ठिकाणी रोज पाणउतारा होतोय, एखादं दुखणं कित्येक महिने अंगावर काढलंय, या गोष्टींवरचे उपाय बाहेर आहेत. तिथे मदत मागायची, हिशोब मांडायचा, नोकरी बदलण्याची तयारी करायची, डॉक्टरकडे जायचं. अशा माणसाला ‘आतून आनंदी राहा’ असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्रास मुकाट सोसता यावा म्हणून मनःशांतीचे धडे देणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

आणखी एक गोष्ट इथेच तपासून घ्या. गेले दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असतं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरलेला नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, थकवा जात नाही, आपण काही कामाचे नाही असं वाटत राहतं, असं आहे का? तसं असेल तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जायला हवं. जगणंच नकोसं वाटत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. आत्ताच कुणा जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरला किंवा मदतवाहिनीला फोन करा. लेख कुठे पळून जात नाही.

आता कागदावर दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेच्या ज्या ओळी उरल्या, त्या आपल्या कामाच्या.

दुसरी पायरी: ‘एकदा ते झालं की मग…’

त्या ओळींमध्ये एक वाक्य वेगवेगळ्या वेषात सापडेल. नोकरी पक्की झाली की मग निवांत. घर झालं की मग. मुलं मार्गी लागली की मग. वजन उतरलं की मग. ‘मग’ जिथे जिथे आहे तिथे रेघ ओढा.

आता याच कागदाच्या मागच्या बाजूला उलटा हिशोब मांडा. आज तुमच्याकडे असलेल्या अशा तीन गोष्टी लिहा, ज्यांच्यासाठी तुम्ही एके काळी जीव टाकत होता. ती पदवी, ते काम, ते माणूस, ती जागा. ती गोष्ट मिळाल्यावरचा आनंद साधारण किती काळ टिकला, हेही समोर लिहा. बहुतेकांना हा आकडा बघून हसू येतं. मिळालेली गोष्ट मन फार लवकर गृहीत धरतं.

फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७८ सालचा एक अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले २२ लॉटरी विजेते, त्याच परिसरातली २२ सर्वसाधारण माणसं आणि अपघातात पाय किंवा हातपाय दोन्ही लुळे पडलेली २९ माणसं, यांना आपल्या सुखाचं मोजमाप करायला सांगितलं. लॉटरी जिंकलेले लोक इतरांपेक्षा म्हणण्यासारखे जास्त सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा मारणं, एखादा विनोद ऐकणं अशा रोजच्या बारीक गोष्टींतली त्यांची मजा कमी झालेली होती. अपघातग्रस्त इतरांपेक्षा कमी सुखी होते, पण आपण बाहेरून कल्पना करू तितके दुःखी नव्हते.

हा अभ्यास सांगताना लोक पुढचं सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. तो फार लहान होता. नंतर स्वीडनमध्ये लॉटरी विजेत्यांची खूप मोठ्या संख्येने पाहणी झाली, तेव्हा पैसे मिळाल्याने आयुष्याबद्दलचं समाधान कित्येक वर्षं वाढलेलं राहतं, असं दिसलं. बेरोजगारीचा घाव नोकरी पुन्हा लागल्यावरही पूर्ण भरून येत नाही, हेही जर्मनीतल्या दीर्घकाळच्या पाहणीतून पुढे आलं आहे. म्हणजे परिस्थितीने फरक पडतो. तो आपण समजतो तितका आणि समजतो त्या ठिकाणी पडत नाही, एवढंच. त्यामुळे इच्छा सोडून द्या असं मी म्हणणार नाही. घर हवं असेल तर जरूर त्यासाठी झटा. फक्त ते होईपर्यंतची सगळी वर्षं प्रतीक्षालयात काढू नका.

रोज करायचं एवढंच: मनात ‘मग’ उमटला की तो ओळखायचा. भांडायचं नाही, फक्त ‘हा आला’ म्हणायचं. सुरुवातीला दिवसातून एखादाच सापडेल. थोडे दिवस गेले की लक्षात येतं, तो तासाला दोन-चार वेळा डोकावतो.

तिसरी पायरी: नुसतं बसणं

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीला देणार आहे, कारण बाकीच्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत आणि नवखे लोक नेमके इथेच सोडून जातात.

मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, त्याच गोष्टीचा विचार चालू आहे की दुसराच, आणि कसं वाटतंय? लोकांचं मन ४६.९ टक्के वेळा हातातल्या कामावर नव्हतंच. आणि मन भटकत असताना लोक, ते काहीही करत असोत, कमी आनंदी होते. गंमत अशी, की छान छान विचारांत रमलेली माणसंसुद्धा हातातल्या कामात मन असलेल्या माणसांपेक्षा अधिक आनंदी निघाली नाहीत. मनोराज्यांबद्दलचा माझा आदर हे वाचून बराच कमी झाला.

मग मन जागेवर आणायला गेलं की काय होतं? टिमोथी विल्सन यांच्या चमूने २०१४ साली लोकांना रिकाम्या खोलीत एकट्याने विचार करत बसायला सांगितलं. सोबत फोन, पुस्तक काही नाही. पुष्कळांना ते आवडलं नाही. एका प्रयोगात खोलीत एक बटण ठेवलं होतं. ते दाबलं की स्वतःलाच विजेचा सौम्य झटका बसायचा. तोच झटका आधी देऊन झाला होता आणि तो टाळण्यासाठी पैसे मोजायचीही तयारी या लोकांनी दाखवली होती. तरीही पंधरा मिनिटांच्या एकांतात १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी ते बटण एकदा तरी दाबलं.

हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की पहिल्या दिवशी बसल्यावर तुम्हाला अस्वस्थ वाटलं तर आपल्यातच काही कमी आहे असं समजू नका. जवळपास सगळ्यांना तसंच वाटतं.

कृती अशी. पाच मिनिटांचा गजर लावा आणि फोन पालथा ठेवून हाताच्या टप्प्याबाहेर सारा. खुर्चीवर बसा, जमिनीवर बसा, पाठ फार ताठ नको आणि फार सैलही नको. डोळे मिटा किंवा समोर जमिनीवर नजर टेकवा. श्वास जसा चालू आहे तसा चालू द्या. लांब करायचा नाही, रोखायचा नाही. तो नाकाशी, छातीत किंवा पोटात, जिथे स्पष्ट जाणवतो तिथे लक्ष ठेवा. बाहेर जाणारा प्रत्येक श्वास मोजा, एक ते दहा, मग पुन्हा एक. तीनपर्यंत पोहोचायच्या आत मन निघून जाईल. गेलं हे जेव्हा कळेल, त्या क्षणी पुन्हा एकपासून सुरू करा. चडफड नको.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. नवखा माणूस समजतो, की मन न जाणं म्हणजे जमलं आणि जाणं म्हणजे बिघडलं. खरं तर ‘अरे, मन गेलं होतं’ हे ज्या क्षणी कळतं, तोच सगळ्या व्यायामाचा कामाचा क्षण. पाच मिनिटांत मन वीस वेळा गेलं आणि वीस वेळा परत आणलं, तर वीस वेळा सराव झाला. मन अजिबात न हलता पाच मिनिटं गेली असतील तर बहुधा डुलकी लागली होती.

काय काय होईल, तेही सांगून ठेवतो. नाक खाजेल. पाय जड होईल. अगदी याच वेळी कुणाला तरी फोन करायचा राहिलाय हे आठवेल. एखादी जुनी आठवण वर येऊन डोळे भरून येतील. कंटाळा तर हमखास येईल. विचार दाबायला जाऊ नका, तो हट्टाने परत येतो. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. त्याऐवजी आलेल्या गोष्टीला मनातल्या मनात एका शब्दाचं नाव द्या: ‘काळजी’, ‘राग’, ‘बेत’, ‘आठवण’. नाव दिलं की सोडा आणि श्वासाकडे या. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या मेंदूविषयक अभ्यासात भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला या, धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी होते, असं आढळलं होतं. नाव देताना फार अचूक शब्द शोधत बसू नका, नाहीतर त्याचाच एक निबंध होतो.

एक सावधगिरी हवी. ज्यांनी मोठा आघात सोसला आहे, त्यांना डोळे मिटून शांत बसल्यावर बरं वाटण्याऐवजी छाती धडधडणं, जुनं दृश्य जसंच्या तसं डोळ्यांसमोर येणं असा त्रास होऊ शकतो. तसं झालं तर रेटू नका. डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तू बघा, पावलं जमिनीला टेकल्याचं जाणवू द्या. हा सराव चालताना, पावलांवर लक्ष ठेवूनही करता येतो. आणि त्रास वारंवार होत असेल तर तज्ज्ञांच्या सोबतीनेच पुढे जा.

पाच मिनिटं जमायला लागली की दहा करा. त्यापुढे घाई नको. दिवसात दुसरी एक जागा निवडा, जिथे मन नेहमी भलतीकडे असतं: अंघोळ, भांडी घासणं, जिना चढणं. तेवढं एकच काम रोज पूर्ण लक्ष देऊन करा. अंघोळीत मनातल्या मनात वरिष्ठांशी वाद घालणाऱ्यांची संख्या मोठी असावी असा माझा संशय आहे.

चौथी पायरी: स्वतःशी चालू असलेलं बोलणं

काही आठवडे बसलं की एक आवाज ओळखीचा होतो. तो सतत हिशोब तपासत असतो आणि उरलेल्या वेळात टोमणे मारत असतो. ‘एवढंही जमत नाही.’ ‘तुझं नेहमीचंच.’ ‘लोक काय म्हणत असतील.’ मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आपण दुसऱ्यांच्या बाबतीतल्या शंकाकुशंकांसाठी वापरतो. स्वतःच्या बाबतीत ती जास्त लागू पडते.

पुढच्या वेळी काही चुकलं की त्या आवाजाचं वाक्य शब्दशः कागदावर उतरवा, शिवी असेल तर शिवीसकट. त्याखाली दुसरं वाक्य लिहा: हीच चूक जिवलग मित्राने किंवा मैत्रिणीने केली असती, तर मी तिला काय म्हणालो असतो? खोटी स्तुती नको. ‘चुकलंस, पण परवा झोपच झाली नव्हती तुझी. उद्या सकाळी फोन करून सांग आणि निस्तर’, एवढं सरळ आणि खरं असलं की पुरे.

यावर हमखास एक आक्षेप येतो: असं लाडाने वागलं तर माणूस आळशी होईल, स्वतःला फटकारल्याशिवाय प्रगती कशी होणार? ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली हेच तपासलं. अवघड चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे समजुतीने बघायला सांगितलं होतं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. चूक मान्य करणं जिवावर आलं नाही, तर माणूस ती दुरुस्तही करतो. फटके खाल्लेलं मन मात्र चूक लपवण्यात ताकद घालवतं.

या पायरीला वेळ लागतो. लहानपणापासून पक्का बसलेला तो सूर असतो, चार कागदांनी जात नाही. वाक्य लिहिताना आतून हसू आलं किंवा ते खोटं वाटलं तरी लिहीत राहा.

पाचवी पायरी: रात्रीची नोंद

मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तपासलेला एक साधा सराव आहे. रोज रात्री त्या दिवशी बऱ्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर ‘ती का झाली’ हेही लिहायचं. आठवडाभर हे करणाऱ्यांमध्ये पुढे सहा महिन्यांपर्यंत फरक दिसला. मात्र ज्यांनी तो आठवड्यानंतरही चालू ठेवला, त्यांना फायदा जास्त झाला. खरी गंमत ‘का’ मध्ये आहे. ‘आज बहिणीशी छान बोलणं झालं’ एवढ्यावर थांबलं की ती यादी होते. ‘का? कारण मी फोन उचलून स्वतः लावला’ असं लिहिलं की आपल्या दिवसात आपला हात कुठे कुठे होता ते दिसू लागतं.

यात एक खोच आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात सहा आठवडे आठवड्यातून एकदाच कृतज्ञतेची यादी करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. वारंवार केलं की तो नुसता सोपस्कार उरतो. त्यामुळे पहिला आठवडा रोज लिहा, नंतर आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. आणि ज्या दिवशी खरोखरच काही बरं झालं नाही, त्या दिवशी पान कोरं ठेवा. ओढूनताणून आभार मानायला लावणारी कृतज्ञता मला सक्तीच्या हसण्यासारखी वाटते.

जे जड आहे त्यासाठी वेगळं लिखाण करावं लागतं. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या होत्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तुम्हीही करून बघा, फक्त नुकताच झालेला घाव निवडू नका. जुनी, पण अजून सलणारी गोष्ट घ्या. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. हवं तर फाडून टाका.

सहावी पायरी: तुलनेची दिशा

हे थोडक्यात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधली चित्रफीत बघून व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मॅडी आणि थॉमस गिलोविच यांनी १९९५ साली दाखवलं, की रौप्यपदक विजेत्यांपेक्षा कांस्यपदक विजेते जास्त आनंदी दिसतात. रुपेरी पदकवाल्याची नजर हुकलेल्या सुवर्णावर असते, कांस्यवाल्याची ‘पदक हुकता हुकता राहिलं’ यावर. तुलना बंद करा असं म्हणण्यात अर्थ नाही, मन ती करणारच. पण तिला खाद्य किती घालायचं ते ठरवता येतं. फोनमध्ये जी पानं बघून हटकून हिरमुसल्यासारखं होतं, ती दोन आठवडे बंद ठेवा आणि फरक पडतो का ते बघा. पडला नाही तर पुन्हा चालू करा, माझी हरकत नाही.

सातवी पायरी: शरीर आणि हातातलं काम

झोप सात तासांपेक्षा कमी होत असेल तर वरची एकही पायरी नीट चढता येणार नाही. आधी झोप. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. भरभर चालणंही त्यात धरतात. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून जास्त लिहीत नाही.

आणि एक असं काम शोधा, ज्यात वेळेचं भान राहत नाही. मिहाय चिकसेंटमिहाय यांनी अशा तल्लीनतेचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार काम आपल्या कुवतीच्या थोडं पलीकडचं असावं, उद्दिष्ट स्पष्ट असावं आणि जमतंय की नाही ते लगेच कळावं. फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. वाद्य, शिवण, लाकूडकाम, बुद्धिबळ, बागकाम, काहीही चालेल. त्यातून पैसे कमवायचे किंवा लोकांना दाखवायचं, असा विचार निदान पहिलं वर्षभर तरी करू नका. छंदाचा जोडधंदा केला की त्यातला मोकळेपणा आधी जातो.

आठवी पायरी: माणसं

‘स्वतःमध्ये आनंद शोधा’ हे ऐकून काही जण माणसांपासून लांब जातात. मला कुणाची गरज नाही, असं म्हणता येणं हेच समाधान, अशी त्यांची समजूत होते. तसं मानायला मला काही आधार दिसत नाही. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला प्रौढ जीवनाचा अभ्यास आजही चालू आहे. सुरुवातीच्या ७२४ पुरुषांचं आयुष्य त्यात दशकानुदशकं नोंदलं गेलं. म्हातारपणी कोण सुखी आणि निरोगी राहील, हे सांगणाऱ्या गोष्टींत जवळच्या नात्यांचा ऊबदारपणा फार वर होता.

शांत बसण्याचा, स्वतःशी समजुतीने बोलण्याचा एक मोठा उपयोग इथेच होतो. दुसऱ्याने आपल्याला सतत खूश ठेवावं ही अपेक्षा हळूहळू सुटते आणि मग त्याच्यासोबत बसणं सोपं होतं. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी, काम नसताना, कुणाला तरी भेटा किंवा फोन करा. बोलताना पुढचं वाक्य जुळवत बसू नका, ऐका. श्वासावर जे केलं तेच इथे करायचं: लक्ष गेलं की परत आणायचं. दुसऱ्यासाठी काही करता आलं तर करा. एलिझाबेथ डन, लारा अक्निन आणि मायकेल नॉर्टन यांच्या २००८ च्या प्रयोगात लोकांना थोडे पैसे देऊन ते त्याच दिवशी खर्च करायला सांगितलं होतं. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च केलेले लोक स्वतःवर खर्च केलेल्यांपेक्षा अधिक आनंदी होते, आणि रक्कम किती होती याने फरक पडला नाही.

सगळं एकदम सुरू करू नका

आठही पायऱ्या सोमवारपासून असं ठरवलं तर गुरुवारपर्यंत सगळं बंद पडेल. पहिल्या दोन पायऱ्या एका बैठकीत होतात. तिसरी महिनाभर एकटीच चालू द्या. सवय लागायला २१ दिवस लागतात असं जे म्हणतात, त्यावर विसंबू नका. फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असल्याचं दिसलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही. त्यामुळे दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं बसा, भरपाई म्हणून दुप्पट बसू नका.

प्रगती मोजायची असेल तर ‘मी किती आनंदी’ हा प्रश्न सोडून दुसरे प्रश्न विचारा. राग आला तर उतरायला आता पूर्वीइतकाच वेळ लागतो का? रांगेत उभं असताना फोन काढण्याआधी क्षणभर थांबता येतं का? कुणाचं भलं झालेलं ऐकून पोटात होणारी कालवाकालव थोडी कमी झाली का? दर महिन्याला उत्तरं लिहा, मधे तपासू नका.

स्वभावाप्रमाणे क्रम बदलला तरी चालेल. ज्यांचं डोकं सतत चालू असतं, त्यांना बसण्याआधी अर्धा तास चालून येणं सोयीचं पडतं. जे स्वतःवर फार कडक असतात त्यांनी चौथी पायरी तिसरीच्या बरोबरीने सुरू करावी, नाहीतर ध्यानातही ते स्वतःला गुण देत बसतात. जे एकटे पडले आहेत त्यांनी आठवीपासून सुरुवात करावी, बाकी सगळं नंतर. आणि एखादा सराव तीन महिने प्रामाणिकपणे करूनही काही हलत नसेल, तर तो तुमच्यासाठी नाही असं समजून दुसरा घ्यावा.